सातबारावरचं क्षेत्र वाचायचं आणि मोजायचं कसं: हेक्टर-आरपासून गुंठ्यापर्यंत

जमिनीच्या क्षेत्राचे बहुतेक घोळ गुणाकारात होत नाहीत. ते आकडा वाचण्यात होतात. सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो, घरातलं बोलणं एकर-गुंठ्यात चालतं, प्लॉटचा दर चौरस फुटात सांगतात आणि आजोबांच्या खरेदीखतात गुंठ्यांपुढे आणेही लिहिलेले असतात. एकाच जमिनीला चार भाषा लागल्या की कुठेतरी एक टिंब चुकीचं वाचलं जातं. मग भावांमध्ये वाद होतात, नाहीतर नसलेल्या जमिनीचे पैसे मोजले जातात.

या लेखाची सगळी रीत एका क्रमावर उभी आहे. आधी एकक ओळखा, मग सगळं चौरस मीटरमध्ये आणा, हिशेब तिथेच करा आणि उत्तर मिळाल्यावरच त्याचं गुंठ्यात किंवा फुटात रूपांतर करा. हा क्रम मोडू नका.

टप्पा १: कागद गोळा करा

हिशेबाला बसण्याआधी एवढं समोर हवं:

- चालू सातबारा, म्हणजे गाव नमुना ७ आणि १२. जुनी झेरॉक्स नको. महाभूमी पोर्टलवरून डिजिटल स्वाक्षरीचा ताजा उतारा काढा.
- आठ-अ, म्हणजे खातेउतारा. त्या गावात एका खात्यावर किती गट आहेत ते यावरून कळतं.
- जमीन ज्या कागदाने आली तो कागद: खरेदीखत, वाटणीपत्र किंवा वारसाचा फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद.
- गटाचा नकाशा आणि पूर्वी मोजणी झाली असेल तर मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीनंतर मिळणारा नकाशा.
- गावठाणातली किंवा सिटी सर्व्हेतली जागा असेल तर सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका. तिच्यावर क्षेत्र सरळ चौरस मीटरमध्ये असतं, त्यामुळे अर्धं काम तिथेच होतं.

कोऱ्या कागदावर चार रकाने आखा: कागदाचं नाव, त्यावर जसाच्या तसा लिहिलेला आकडा, त्याचं एकक, चौरस मीटर. दुसऱ्या रकान्यात आकडा उतरवताना स्वतःहून काही सुधारू नका. कागदावर ‘०.४०’ असेल तर ‘०.४०’च लिहा, ‘४० गुंठे’ नको. चुकीचं रूपांतर बहुतेक वेळा याच जागी घुसतं आणि पुढे ते शोधूनही सापडत नाही.

टप्पा २: टिंबांमधली घरं वाचा

सातबाऱ्यावर ‘१.३७.५०’ असं लिहिलेलं असतं. इथे तीन घरं आहेत: १ हेक्टर, ३७ आर, ५० चौरस मीटर. एक हेक्टर म्हणजे १०० आर. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद तुकडा. आर आणि चौरस मीटर या दोन घरांत प्रत्येकी दोन अंक असतात, कमी नाहीत आणि जास्तही नाहीत. म्हणून टिंबं काढून अंक सलग लिहिले की थेट चौरस मीटर मिळतात: १.३७.५० म्हणजे १३,७५० चौ.मी.

हेच क्षेत्र काही उताऱ्यांवर ‘१.३७५०’ असंही दिसतं. अर्थ तोच, फक्त दुसरं टिंब नाही.

गफलत होते ती शून्य गाळल्यावर. आठ आर लिहायचे तर ‘०.०८.००’ लिहायला हवं. कुणी ‘०.८’ लिहिलं तर तो दशांश धरून ०.८ हेक्टर, म्हणजे ८० आर होतो. दहापट फरक! हाताने लिहिलेल्या जुन्या उताऱ्यांवर आणि फेरफारांवर हे सर्रास आढळतं.

नव्या नमुन्यातल्या सातबाऱ्यावर क्षेत्राचं एकक छापलेलं असतं. शेतजमिनीला हे.आर.चौ.मी. आणि बिनशेती जमिनीला आर.चौ.मी. बिनशेतीच्या उताऱ्यावर ‘१२.५०’ दिसलं तर ते साडेबारा हेक्टर नाही. ते १२ आर ५० चौ.मी., म्हणजे १,२५० चौ.मी. आहे.

गोव्यातल्या वाचकांनाही हीच रीत चालेल. तिथल्या ‘एक आणि चौदा’च्या उताऱ्यावरही हेक्टर, आर, चौरस मीटर अशीच घरं असतात.

*सावधान:* ‘क्षेत्र ०.२० आर’ असा उल्लेख खरेदीखतांत वारंवार येतो. याचे दोन अर्थ निघतात. ०.२० हेक्टर म्हटलं तर २० आर, म्हणजे २,००० चौ.मी. आणि शब्दशः वाचलं तर एका आरचा पाचवा भाग, म्हणजे अवघे २० चौ.मी. दस्त नोंदवण्याआधी मसुद्यात हे बदलून घ्या: ‘० हेक्टर २० आर ०० चौ.मी., म्हणजेच २,००० चौ.मी., अक्षरी दोन हजार चौरस मीटर’. लेखनिक म्हणेल की सगळे तसंच लिहितात. तरीही बदलून घ्या, मसुद्यातली एक ओळ बदलायला वेळ लागत नाही.

टप्पा ३: जुन्या कागदांतलं एकर, गुंठे, आणे

जुन्या खरेदीखतात ‘२-१५’ असेल तर ते २ एकर १५ गुंठे. हे २.१५ एकर नाही. एकरात ४० गुंठे असतात, त्यामुळे दुसऱ्या घरातला आकडा चाळीसला उलटतो, शंभराला नाही. हिशेब असा:

२ × ४० + १५ = ९५ गुंठे
९५ × १०१.१७ = ९,६११ चौ.मी., म्हणजे ०.९६.११

तोच आकडा २.१५ एकर म्हणून कॅल्क्युलेटरवर टाकला तर ८,७०१ चौ.मी. येतात. जवळपास नऊ गुंठे गायब होतात!

बेरजेतही हेच पाळायचं. १ एकर २८ गुंठे आणि ३५ गुंठे यांची बेरीज कॅल्क्युलेटर १.६३ दाखवेल. खरी बेरीज ६८ + ३५ = १०३ गुंठे, म्हणजे २ एकर २३ गुंठे. एकर-गुंठ्यांची बेरीज-वजाबाकी करायची असेल तर आधी सगळ्याचे गुंठे करा.

गुंठ्याच्या पुढे तिसरा आकडा असेल तर ते आणे. १६ आण्यांचा एक गुंठा, म्हणून एक आणा ६८.०६ चौरस फुटांचा. २-१५-८ म्हणजे २ एकर साडेपंधरा गुंठे.

पण आणे दिसले म्हणजे ते क्षेत्रच असेल असं नाही. खातेदाराच्या नावापुढे ‘०-५-४’ असेल तर तो बहुधा हिस्सा असतो: ५ आणे ४ पै. पूर्ण मालकी १६ आण्यांची आणि एका आण्यात १२ पै, म्हणून एकूण १९२ पै. पाच आणे चार पै म्हणजे ६४ पै, म्हणजे बरोबर एक तृतीयांश. आकडा क्षेत्राच्या रकान्यात आहे की नावापुढे, हे पाहिल्याशिवाय गुणाकार सुरू करू नका.

पूर्व विदर्भातल्या जुन्या कागदांत एकरापुढे डिसमिलही आढळतात. एकराचे शंभर डिसमिल, त्यामुळे तिथे २.१५ हा खरोखरच दशांश असतो. एक डिसमिल ४०.४७ चौ.मी.चा. म्हणून नुसता ‘२.१५’ पाहून ठरवता येत नाही. कागद कुठल्या भागातला आहे आणि रकान्याच्या डोक्यावर काय लिहिलंय ते बघावंच लागतं.

*तपासणी:* एकर-गुंठ्याच्या नोंदीत गुंठ्यांचा आकडा ३९ पेक्षा मोठा कधीच येत नाही. ‘१-६२’ दिसलं तर ते एकर-गुंठे नाहीत. हेक्टर-आर किंवा एकर-डिसमिल असेल.

टप्पा ४: रूपांतर एकदाच, शेवटी

एवढे आकडे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा:

- १ गुंठा = ३३ फूट × ३३ फूट = १,०८९ चौ.फूट = १०१.१७ चौ.मी.
- १ आर = १०० चौ.मी. = १,०७६.३९ चौ.फूट = ०.९८८ गुंठा
- १ एकर = ४० गुंठे = ४३,५६० चौ.फूट = ४,०४६.८६ चौ.मी.
- १ हेक्टर = १०,००० चौ.मी. = २.४७१ एकर = २ एकर १८.८४ गुंठे
- १ चौ.मी. = १०.७६४ चौ.फूट

वरचं हेक्टरचं रूपांतर नीट पाहा, कारण ०.४७१ एकराचे गुंठे काढताना ४० ने गुणायचं असतं हेच विसरलं जातं. ०.४७१ × ४० = १८.८४. दशांश एकर आणि गुंठे यांची अदलाबदल करताना प्रत्येक वेळी हा चाळीस मध्ये येतो.

आपल्या उदाहरणातले १३,७५० चौ.मी. घ्या. १०१.१७ ने भागले की १३५.९१ गुंठे. त्यातून तीन एकरांचे १२० वजा केले की उरतात १५.९१. म्हणजे ३ एकर १५.९१ गुंठे.

आर आणि गुंठा एकच धरण्याची सवय फार खोल गेलेली आहे. बोलण्यात चालते, व्यवहारात चालत नाही. सातबाऱ्यावर ०.२०.०० असेल तर ते २० गुंठे नाहीत, १९.७७ आहेत. गुंठ्याला पाच लाख दर ठरला असेल तर या पाव गुंठ्याहूनही कमी फरकापोटी सुमारे १ लाख १५ हजार रुपये जास्त जातात. दर गुंठ्याचा असेल तर क्षेत्र गुंठ्यात आणा, नाहीतर दरच आरचा ठरवा.

‘हेक्टरला अडीच एकर’ हेही अंदाजापुरतं ठीक. दहा हेक्टरचे २५ एकर धरले तर खऱ्या २४.७१ पेक्षा साडेअकरा गुंठे जास्त धरले जातात.

*सावधान:* लांबीचा गुणक क्षेत्राला लावू नका. मीटरचे फूट करताना ३.२८ ने गुणतात, चौरस मीटरचे चौरस फूट करताना १०.७६४ ने. २०० चौ.मी.चा प्लॉट २,१५३ चौ.फुटांचा असतो, ६५६ चा नाही.

टप्पा ५: सातबाऱ्यावरचं कुठलं क्षेत्र?

एकाच उताऱ्यावर क्षेत्राचे अनेक आकडे असतात. लागवडीयोग्य क्षेत्र असतं, त्यातही जिरायत, बागायत, तरी (भाताची), वरकस (हलकी, डोंगरउताराची) असे प्रकार. खाली पोटखराब आणि शेवटी एकूण. समजा लागवडीयोग्य १.१२.०० आहे, पोटखराब ०.०८.०० आणि एकूण १.२०.००. विकणारा एकूण सांगतो. पिकाखाली येतं ते १.१२.

पोटखराबाचे दोन वर्ग असतात. वर्ग ‘अ’ म्हणजे खडकाळ, नापीक, खळं-गोठ्याखालची अशी शेतीला न येणारी जमीन. वर्ग ‘ब’ म्हणजे रस्ता, पाट, ओढा, स्मशान अशा सार्वजनिक किंवा राखीव कामाखालची. खरेदी करताना ‘ब’ वर्गाच्या क्षेत्राला शेतीचा दर देण्याचं काहीच कारण नाही. ती जमीन उताऱ्यावर आहे, तुमच्या नांगराखाली यायची नाही.

पुढे खातेदारांची नावं. प्रत्येकाच्या नावापुढे क्षेत्र दिलेलं असेल तर त्यांची बेरीज करा आणि ती एकूण क्षेत्राशी जुळते का पाहा. बेरीज करताना उजवीकडून घराघराने चला. ०.४५.८० आणि ०.६७.३५ घ्या: ८० + ३५ = ११५, पंधरा लिहा, हातचा एक. ४५ + ६७ + १ = ११३, तेरा लिहा, हातचा एक. उत्तर १.१३.१५.

ज्या नावांना कंस आहे किंवा ज्यांवर आडवी रेघ मारली आहे त्यांचा हक्क त्या नोंदीपुरता संपलेला असतो. त्यांचं क्षेत्र बेरजेत धरू नका. आणि सामाईक खातं असेल तर अनेक नावांना मिळून एकच क्षेत्र दिसतं. ते पहिल्या नावाचं एकट्याचं नसतं. नाव सगळ्यात वर आहे म्हणून मोठा भाऊ सगळं क्षेत्र आपलं समजतो, असं घरोघरी घडतं.

‘पैकी’ या शब्दापाशी थांबा. ‘१.६०.०० पैकी ०.४०.००’ एवढंच लिहिलं असेल तर किती ते कळलं, कुठलं ते कळलं नाही. ते चाळीस आर रस्त्याला लागून की ओढ्याकाठी, हे चतुःसीमा आणि नकाशाच सांगतील. दोन्ही नसतील तर आकडा कितीही बरोबर असो, व्यवहार अर्धवट आहे.

टप्पा ६: हिस्सा काढताना

वाटणी करताना हेक्टर वेगळे, आर वेगळे असे भागू नका. १.३७.५० चे तीन समान हिस्से करायचे तर:

१३,७५० ÷ ३ = ४,५८३.३३ चौ.मी.
प्रत्येकी ०.४५.८३

आता उलटी बेरीज. ०.४५.८३ × ३ = १.३७.४९. एक चौरस मीटर उरला. तो कुणा एकाच्या हिश्श्यात ०.४५.८४ असा लिहा. एका चौरस मीटरने कुणाचं नुकसान होत नाही, पण हिश्श्यांची बेरीज मूळ क्षेत्राशी जुळली नाही की फेरफाराच्या वेळी कागद परत येतो.

पोटखराबही वाटायला विसरू नका. एकाला सगळं लागवडीयोग्य आणि दुसऱ्याला ओढ्याकडचं, असं झालं तर कागदावर समान आणि शेतात असमान वाटणी होते. आधी लागवडीयोग्याचे हिस्से करा, मग पोटखराबाचे. चांगली-हलकी जमीन बघून कमीजास्त द्यायचं ठरलं तर तेही आकड्यात लिहा, तोंडी ठेवू नका.

छोटे तुकडे पाडण्यावर १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याची बंधनं आहेत आणि त्यातलं किमान क्षेत्र व सवलती बदलत आल्या आहेत. हिस्सा फार लहान होत असेल तर दस्त करण्याआधी तहसील कार्यालयात चालू नियम विचारा.

टप्पा ७: शेतात उतरून मोजताना

सरकारी मोजणीची जागा घरची टेप घेऊ शकत नाही. पण कागद आणि जमीन यांत ढोबळ फरक आहे का, हे एका सकाळीत कळतं. लागेल ३० किंवा ५० मीटरची टेप, खुंट्या, सुतळी, वही आणि मदतीला दोन माणसं. पीक उभं असताना हे करू नका. टेप सरळ बसत नाही.

सगळ्यात जास्त होणारी चूक आधी सांगतो. चार बाजू मोजायच्या, समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन सरासऱ्या गुणायच्या. ही रीत गावोगाव चालते आणि काटकोनी शेत सोडलं तर ती नेहमी जास्तच क्षेत्र दाखवते.

एक शेत घेऊ. बाजू क्रमाने ६०, ४०, ५२, ५० मीटर. सरासरीच्या रीतीने ५६ × ४५ = २,५२० चौ.मी. आता एक कर्ण मोजा, म्हणजे समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांमधलं अंतर. समजा तो ६८ मीटर भरला. या कर्णाने शेताचे दोन त्रिकोण झाले: एक ६०, ४०, ६८ चा आणि दुसरा ६८, ५२, ५० चा.

त्रिकोणाच्या तीन बाजूंवरून क्षेत्रफळ काढायचं असं:

1. तिन्ही बाजूंची बेरीज करून निम्मी करा. पहिल्या त्रिकोणाची निम्मी ८४.
2. निम्मीतून प्रत्येक बाजू वजा करा: २४, ४४, १६.
3. हे चारही आकडे एकमेकांशी गुणा: ८४ × २४ × ४४ × १६ = १४,१९,२६४.
4. वर्गमूळ काढा: १,१९१.३३ चौ.मी.

दुसऱ्या त्रिकोणाचं असंच १,२९१.८९ येतं. बेरीज २,४८३.२२ चौ.मी., म्हणजे ०.२४.८३. सरासरीची रीत ३७ चौ.मी. जास्त दाखवत होती.

हे शेत तरी बरंच चौकोनी आहे. याच चार बाजू ठेवून कर्ण ८५ मीटर असता, म्हणजे शेत तिरकं असतं, तर क्षेत्र २,२८५.७८ चौ.मी. भरलं असतं. बाजू त्याच, क्षेत्र जवळपास दोन गुंठ्यांनी कमी! नुसत्या चार बाजूंवरून क्षेत्र ठरत नाही. कर्ण मोजल्याशिवाय केलेला हिशेब टाकून द्या.

पाच-सहा कोपऱ्यांचं शेत असेल तर एका कोपऱ्यातून बाकीच्या कोपऱ्यांकडे कर्ण टाका आणि जितके त्रिकोण होतील तितके मोजा. ओढ्याकडची बाजू वाकडी असेल तर तिच्याजवळ एक सरळ सुतळी ताणा. सुतळीवर दर दहा मीटरला काटकोनात ओढ्याच्या काठापर्यंतचं अंतर घ्या. चाळीस मीटरच्या सुतळीवर ही अंतरं ०, ३, ५, ४, ० आली तर पहिलं आणि शेवटचं निम्मं धरून बेरीज १२ होते. गुणिले दहा मीटर, म्हणजे १२० चौ.मी. पट्टा सुतळीच्या बाहेर असेल तर मिळवा, आत असेल तर वजा करा.

*सावधान:* उतारावर टेप जमिनीला टेकवून ओढू नका. नकाशावरचं क्षेत्र सपाटीवर धरलेलं असतं. उतारावर २० मीटर मोजले आणि तेवढ्यात जमीन ४ मीटर खाली गेली असेल तर सपाटीचं अंतर १९.६ मीटरच असतं. कोकणात आणि घाटमाथ्यावर हे फार महत्त्वाचं आहे. टेप आडवी समपातळीत धरा, छोट्या छोट्या टप्प्यांत मोजा आणि खालच्या टोकाला ओळंबा सोडा.

मोबाइलच्या अ‍ॅपने बांधावरून चालत क्षेत्र काढणारे खूप आहेत. मोठ्या शेताचा अंदाज येतो. पण ५० मीटरची एक बाजू अ‍ॅपने ३ मीटर सरकवून दाखवली तर १५० चौ.मी., म्हणजे दीड गुंठा इकडचा तिकडे होतो. वीस गुंठ्यांच्या वादात या आकड्यावर भांडू नका.

टप्पा ८: प्लॉट असेल तर

बोलण्यातल्या चुका इथे सगळ्यात महाग पडतात. ‘३३ फूट चौरस’ म्हणजे तेहतीस बाय तेहतीस, १,०८९ चौ.फूट. ‘३३ चौरस फूट’ म्हणजे जेमतेम एक न्हाणीघर. दस्तात लांबी, रुंदी आणि क्षेत्र तिन्ही लिहून घ्या.

गुंठ्याला सरळ हजार फूट धरणारे भेटतात. पाच गुंठ्यांत ४४५ चौ.फूट कमी मिळतात. त्याहून मोठा प्रश्न हा की सांगितलेला गुंठा निव्वळ प्लॉटचा आहे की रस्त्यासह. आतल्या रस्त्याचा वाटा धरूनच ‘एक गुंठा’ विकला जात असेल तर कुंपण घालताना हातात बरंच कमी येतं. मंजूर रेखांकनातल्या (लेआउटमधल्या) प्लॉटच्या क्षेत्राचा चौ.मी.मधला आकडा मागा. मंजूर रेखांकनच नसेल तर क्षेत्राचा हिशेब बाजूला ठेवा, प्रश्न त्याआधीचा आहे.

फूट-इंचांची मापं थेट कॅल्क्युलेटरवर घालू नका. ३२ फूट ६ इंच म्हणजे ३२.५, ४५ फूट ९ इंच म्हणजे ४५.७५. इंचांना १२ ने भागायचं. गुणाकार १,४८६.८८ चौ.फूट. ३२.६ × ४५.९ केलं तर साडेनऊ फूट फुकट वाढतात.

टप्पा ९: अर्जात क्षेत्र भरताना

ई-पीक पाहणी, पीकविमा, अनुदानाचे अर्ज या सगळ्यांत क्षेत्र हेक्टर-आरमध्ये मागतात. दोन एकर सोयाबीन पेरलं म्हणून रकान्यात ‘२.००’ भरलं की ते दोन हेक्टर झालं. दोन एकर म्हणजे ०.८०.९४. तीस गुंठे म्हणजे ३० × १०१.१७ = ३,०३५ चौ.मी., म्हणजे ०.३०.३५. आंतरपीक असेल तर दोन्ही पिकांची बेरीज गटाच्या लागवडीयोग्य क्षेत्रापेक्षा जास्त होत नाही ना, हे पाठवण्याआधी बघा. सेवा केंद्रावर दुसरा माणूस अर्ज भरत असेल तर त्याला ‘दोन एकर’ असं तोंडी सांगू नका. चिठ्ठीवर हेक्टर-आरचा आकडा लिहून न्या.

टप्पा १०: आकडे जुळले नाहीत तर

सुरुवातीला आखलेल्या चार रकान्यांचा कागद घ्या आणि शेवटचा रकाना वरून खाली वाचा. जुना दस्त, सातबारा, आठ-अ, ‘क’ प्रत, तुमची टेप.

दस्त आणि सातबारा यांत गुंठ्याच्या अंशाएवढा फरक असेल तर तो एकर-गुंठ्यातून हेक्टर-आरमध्ये आणताना झालेल्या पूर्णांकनाचा असू शकतो. फरक बरोबर दहापट किंवा शंभरपट असेल तर टिंब किंवा शून्य चुकलं आहे. फरक नऊ-दहा गुंठ्यांचा असेल तर टप्पा तीनमधली दशांश एकराची चूक आधी तपासा.

सातबाऱ्याचं क्षेत्र शंकास्पद वाटलं तर भूमी अभिलेख कार्यालयातून त्या गटाच्या आकारबंदाची नक्कल काढा. गटाचं मूळ क्षेत्र आणि आकार, म्हणजे शेतसारा, तिथे असतो आणि सातबारा त्याच्याशी जुळायला हवा. जुन्या सर्व्हे नंबरांसाठी टिपण आणि गुणाकार बुकही मागता येतं. क्षेत्र कुठल्या मापांवरून काढलं गेलं ते त्यात दिसतं.

आकारबंद बरोबर आणि सातबारा चूक, अशी निव्वळ लेखनातली चूक निघाली तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करतात. अर्जाला ताजा सातबारा, आकारबंदाची नक्कल, जिथे चूक शिरली तो फेरफार आणि तुमच्या रूपांतराचा कागद जोडा. ‘क्षेत्र चुकलं आहे, दुरुस्त करावं’ एवढ्यावर अर्ज देऊ नका. कुठल्या फेरफारात कुठला आकडा कशाचा कशात बदलला ते एका वाक्यात लिहा.

कागद सगळे जुळतात आणि जमीनच कमी भरते, असं असेल तर तो हद्दीचा प्रश्न आहे. त्यासाठी उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्याकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. मोजणीच्या दिवशी शेजारच्या खातेदारांना नोटीस पोहोचली आहे का ते आधी पाहा, स्वतः हजर राहा आणि भूकरमापक खुणा दाखवतील तिथे लगेच पक्के दगड रोवा. ‘क’ प्रत हाती आली की तिच्यावरचं क्षेत्र त्याच कागदाच्या शेवटच्या रकान्यात चौरस मीटरमध्ये लिहा.